१३७ दिवसांनी मान टाकणारा स्विच आणि त्याचं अपडेट

धनत्रयोदशीला, म्हणजे १० नोव्हेंबर २०२३ ला, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूममधल्या एका नेटवर्क स्विचने, म्हणजे सर्व्हरच्या वायरी एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राने, मान टाकली. चार मिनिटांनी दुसऱ्याने. दोन्ही आपोआप परत सुरू झाले, एकेकाला सहा मिनिटं लागली. म्हणजे दोन्ही एकाच वेळी बंद होते ते फक्त दोन मिनिटं. पण तेवढ्यात कोअर बँकिंगचे, म्हणजे सगळ्या शाखांची खाती सांभाळणारे, दोन सर्व्हर एकमेकांपासून तुटले, आणि ते नीट जुळवून सगळे व्यवहार तपासून होईपर्यंत बाराही शाखांचे काउंटर एक तास दहा मिनिटं बंद राहिले.

हा रिव्ह्यू त्या स्विचमधल्या बगचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीचा, आणि तो दुरुस्त करणाऱ्या फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते बऱ्याच कंपन्यांच्या स्विचला लागू पडतं.

आमची पतसंस्था आर्णी तालुक्यातली, यवतमाळ जिल्हा. मुख्य शाखा इथे, बाकीच्या जवळा, लोणबेहळ, दिग्रस, दारव्हा, महागाव अशा पसरलेल्या. मुख्य शाखेच्या मागच्या खोलीत दीड रॅक (यंत्रं ठेवायचं लोखंडी कपाट) आहे. त्याला डेटा सेंटर म्हणणं मोठं वाटेल, पण स्विच मात्र डेटा सेंटरचेच आहेत : ४८ पोर्टचे (पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा), १० गिगाबिट वेगाचे, दोन. प्रत्येक सर्व्हरची एक वायर एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला. एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालावं यासाठी ही जोडी. मी गेली सहा वर्षं ही खोली सांभाळते.

त्या दिवशी बाहेर रांग होती. सोयाबीन विकून जमा झालेले पैसे, दिवाळीचा बाजार, कोणाला मुलीसाठी ग्रॅमभर सोनं. कपाशीची सीतादही होऊन वेचणी लागलेली, वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची होती. एक म्हातारी पासबुक छातीशी धरून उभी होती. मी आतून बाहेर आले तशी तिने मला धरलं, "बाई, माये पैसे हायेत ना त्याच्यात?" मी म्हटलं, आहेत आजी, मशीन बंद पडली, पैसे जागेवर आहेत. तिचा विश्वास बसला नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. एक तास दहा मिनिटं ती बाकावर बसून राहिली, चहाही घेतला नाही. पुढे जे काही केलं, ते तिच्यासाठी केलं असं म्हटलं तरी चालेल.

जोडी असूनही दोन्ही स्विच एकदम का गेले, हा पहिला प्रश्न. वीज नव्हती गेली, यूपीएसच्या नोंदीत काही नव्हतं. मग मी दिवस मोजले. २६ जून २०२३ ला नवीन यूपीएस बसवताना दोन्ही स्विच बंद करून चालू केले होते. तिथून १० नोव्हेंबरपर्यंत १३७ दिवस.

नेटवर्कच्या कामात काही आकडे ओळखीचे असतात. ४९७ हा त्यातला एक. स्विच किती वेळ चालू आहे हे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलं जातं, आणि ३२ बिटांच्या आकड्यात असे सुमारे ४२९ कोटी ठोके मावतात. ते भरतात ४९७ दिवसांनी, मग मोजणी शून्यावर येते. मोजणी त्याच्या निम्म्यावर अडत असेल तर २४८ दिवस. बोइंग ७८७ विमानांच्या बाबतीत अमेरिकेच्या विमान नियामकाने २०१५ मध्ये याच २४८ दिवसांबद्दल आदेश काढला होता : वीजपुरवठा सलग तेवढे दिवस चालू राहिला, तर जनरेटर सांभाळणारे चारही कंट्रोलर एकदम बंद पडू शकत होते. चार असून उपयोग नाही, कारण चौघांत सॉफ्टवेअर तेच आणि चौघं एकाच वेळी चालू झालेले. आमच्या जोडीचंही तेच झालं होतं. एकच फर्मवेअर, एकच तारीख. हार्डवेअर बिघडलं तर जोडी वाचवते. बग दोघांत सारखाच असला तर जोडी काही कामाची नाही.

पण १३७ हा आकडा कुठल्याच मोजणीत बसेना. म्हणजे काहीतरी हळूहळू भरत किंवा आटत होतं.

दिवाळी झाल्यावर, २० नोव्हेंबरच्या सोमवारपासून, मी एक साधं रजिस्टर घातलं. दोनशे पानी, निळ्या कव्हरचं. रोज सकाळी नऊला दोन्ही स्विचची मोकळी मेमरी लिहायची. पहिल्या स्विचचा पहिल्या दिवशीचा आकडा १,०२० एमबी. मंगळवारी १,०१२. बुधवारी १,००४. रोज आठ. शनिवारी २५ तारखेला ९८०, आणि रविवारची सुटी धरून सोमवारी ९६४. त्या ९६४ पाशी मी थांबले. सोळा कमी, म्हणजे रविवारीही आठ. रविवारी एकही शाखा उघडी नसते, व्यवहार नसतात, तरी तेवढंच आटतं. म्हणजे याचा गिऱ्हाइकांच्या कामाशी संबंध नाही. स्विच कोणी वापरो न वापरो, त्याला ठरलेल्या वेळाने काहीतरी विचारलं जातंय आणि त्यात मेमरी सांडतेय.

नागपूरच्या डीलरला फोन केला. उत्तर आलं, महिन्यातून एकदा रीस्टार्ट करत जा. मला ते पटलं नाही. डीलरने टोल-फ्री नंबर दिला. तिथे सांगितलं की या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर आहे, पण सपोर्टचं कॉन्ट्रॅक्ट चालू असल्याशिवाय ते मिळणार नाही, आणि त्यात काय दुरुस्त झालंय याची यादीही दिसणार नाही. आमचं कॉन्ट्रॅक्ट पहिल्या वर्षानंतर कोणी वाढवलंच नव्हतं.

यादीसुद्धा नाही, हे मला लागलं. अजूनही लागतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

डिसेंबरात उत्तर अपघातानेच सापडलं. मॉनिटरिंगच्या, म्हणजे खोलीतल्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या, संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तो दोन दिवस बंद होता. १९ तारखेला ७८८, २० ला ७८८, २१ लाही ७८८. संगणक दुरुस्त होऊन आला आणि २२ ला ७८०. रजिस्टरातल्या त्या तीन सारख्या ओळी मी लाल पेनाने चौकटीत घेतल्या. स्विचला सतत काहीतरी विचारणारा तो संगणकच होता.

विचारत काय होता, हे सांगताना आमच्याकडचं ऊन सांगावं लागेल. २०२३ च्या मे महिन्यात दुपारी खोलीचा एसी बंद पडला आणि एक ऑप्टिकल मॉड्यूल गेलं. फायबरची वायर स्विचला जोडणारा हा बोटाएवढा तुकडा, साध्या प्रतीचा असेल तर ७० अंशांपर्यंत चालतो. ७० हे स्वतःचं तापमान, खोलीचं नाही, पण बाहेर ४४-४५ असताना एसी नसलेल्या बंद खोलीत ते गाठायला वेळ लागत नाही. त्यानंतर जूनमध्ये मी मॉनिटरिंगला सांगून ठेवलं की दर पाच मिनिटांनी दोन्ही स्विचला प्रत्येक मॉड्यूलचं तापमान विचार आणि ६० च्या वर गेलं की मला मेसेज कर. म्हणजे दिवसाला २८८ वेळा. आठ एमबीला २८८ ने भागलं तर एका विचारणीला साधारण २८ केबी सांडत होते. तीन वर्षं हेच स्विच न अडखळता चालले, कारण तोवर त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. थंडगार हॉलमध्ये शेकडो स्विच ठेवणाऱ्यांना मॉड्यूलच्या तापमानाची एवढी काळजी नसेल. आम्हाला आहे.

आता तारीखही काढता येत होती. ७८० भागिले आठ, म्हणजे २८ मार्च २०२४ च्या आसपास पुन्हा तेच. मार्च एंडचा आठवडा.

जानेवारीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत मी रजिस्टर घेऊन गेले. एका स्विचमागे वर्षाला ३८ हजार, आणि मधल्या काळात कॉन्ट्रॅक्ट नव्हतं त्याचा वेगळा दंड. अध्यक्षभाऊ स्वतः कापूस पिकवणारे, आकडा ऐकून म्हणाले, "तीन वर्षं तं बिनाकॉन्ट्रॅक्टचं चाललं ना ताई, आता कायले पाह्यजे?" मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन पानं बोटाने खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "म्हणजे टाकीले बारीक भोक हाय." मी म्हटलं, हो भाऊ, आणि ते बुजवायचं सामान फक्त कंपनीकडे आहे. "मंग रीस्टार्ट कराचं म्हणजे टाकी भरून घेणं झालं, भोक तं राह्यतेच." मंजुरी त्याच बैठकीत मिळाली. मला दोन महिने समजायला लागलं ते भाऊंना पाच मिनिटांत समजलं, कारण शेतात ठिबकची टाकी त्यांनी स्वतः सांभाळली आहे.

लॉगिन आलं २४ जानेवारीला. मी आधी फर्मवेअर उतरवलं नाही, रिलीज नोट, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं याची नोंद, उघडली. ४१ पानं. मोकळेपणाने सांगते, इतकी चांगली रिलीज नोट मी क्वचितच वाचली आहे. मोबाइलच्या अपडेटखाली लिहिलेलं असतं ना, "काही सुधारणा केल्या आहेत", तसं काही नाही. प्रत्येक बगला नंबर, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत आहे, कोणत्या परिस्थितीत उद्भवतो, काय दिसतं, अपडेट टाकेपर्यंत काय करावं आणि कोणत्या आवृत्तीत गेला. आमचा बग बाराव्या पानावर होता, चार ओळींत : एसएनएमपीने (मॉनिटरिंगचा संगणक स्विचला प्रश्न विचारतो ती पद्धत) ऑप्टिकल मॉड्यूलची माहिती वारंवार विचारल्यास अमुक प्रोसेसची मेमरी वाढत जाते आणि शेवटी स्विच रीस्टार्ट होतो. तात्पुरता उपाय, ती माहिती विचारणं बंद ठेवा.

त्या चार ओळी मी तीनदा वाचल्या. मग वर तारीख पाहिली. फेब्रुवारी २०२३. आमच्या धनत्रयोदशीच्या नऊ महिने आधी हा बग माहीत होता, दुरुस्त झाला होता, लिहून ठेवला होता.

म्हणून माझे गुण असे. दुरुस्तीला पाचपैकी पाच. नोंदीच्या लेखनाला पाचपैकी पाच. ती नोंद पैसे भरणाऱ्यांनाच दाखवण्याला एक, आणि तोही द्यावासा वाटत नाही. फर्मवेअर बनवायला इंजिनिअर लागतात, त्याचे पैसे घ्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या यंत्रात काय चुकलंय हे सांगायला पैसे कशाला? त्या चार ओळी उघड्या असत्या तर मी जुलैतच विचारणी कमी केली असती, पाच मिनिटांऐवजी तासाला एकदा. तेवढ्याने १३७ दिवसांचे साडेचार वर्षं झाले असते. बगची यादी उघडी ठेवता येते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुलं केलेलं आणि २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेलं सॉनिक हे स्विचचंच सॉफ्टवेअर आहे, त्याचे बग कोणालाही घरबसल्या वाचता येतात. दर दोन-तीन वर्षांनी स्विच विकत घेणाऱ्या मोठ्या शहरांतल्या कंपन्यांना फरक पडत नसेल. आमच्यासारखी संस्था एकदा घेते आणि दहा वर्षं वापरते.

तात्पुरता उपाय आमच्या कामाचा नव्हता हेही लिहायला हवं. तापमान विचारणं थांबवा, असं विदर्भात मार्चनंतर कोणाला सांगता येत नाही. तोवर मी तासाला एक विचारणी ठेवली आणि अपडेटची तयारी केली.

१० फेब्रुवारी २०२४, दुसरा शनिवार. फाइल साधारण ९०० एमबीची, ती आदल्या रात्री घरून उतरवून आणली. शनिवारी रात्री नऊला मी आणि आमचे शिपाईकाका खोलीत होतो. फाइल वाटेत खराब झाली नाही ना, हे पाहायला कंपनी ६४ अक्षरांची एक ओळ देते. आपल्याकडच्या फाइलवरून तीच ओळ निघायला हवी. हे संगणकही ताडून देतो, पण चुकीची फाइल स्विचमध्ये जाण्याची मला इतकी धास्ती होती की कंपनीची ओळ कागदावर छापून काकांच्या हातात दिली. त्यात अंक असतात आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, त्यामुळे काकांना अडचण आली नाही. ते चार-चार वाचत गेले, "सात, बी, शून्य, ई", आणि मी स्क्रीनवर बोट फिरवत "हो" म्हणत गेले. सोळा वेळा हो.

सेटिंग पेनड्राइव्हवर घेतलं, छापूनही घेतलं. जुनी आवृत्ती स्विचमध्ये तशीच ठेवली, परत जायची वेळ आली तर. मग दुसऱ्या स्विचवरचं काम पहिल्यावर सरकवलं आणि दुसऱ्याला अपडेट लावून रीस्टार्ट दिला. नोटमध्ये लिहिलं होतं की या वेळी आतल्या एका चिपचं प्रोग्रॅमिंगही बदलतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल, मध्ये वीज तोडू नका. अकरा मिनिटं लागली. कन्सोलच्या, म्हणजे स्विचशी थेट बोलायच्या, निळ्या वायरला जोडलेला लॅपटॉप मांडीवर, स्क्रीनवर एकच पांढरा चौकोन लुकलुकतोय, आणि पंखे पूर्ण वेगाने ओरडतायत. काकांनी विचारलं, "ताई, हे मेलं का जितं हाय?" मी म्हटलं, काका, पंखे ओरडतायत तोवर जितं आहे. पण माझेही हात गार पडले होते.

परत आला तेव्हा दोन पोर्ट उठले नाहीत. इथे रिलीज नोटचा दुसरा उपकार. २७ व्या पानावर "बदललेली वागणूक" या मथळ्याखाली लिहिलं होतं की दुसऱ्या कंपनीची मॉड्यूल आता आपोआप स्वीकारली जाणार नाहीत, त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागेल. आमची दोन मॉड्यूल तशी आहेत, स्वस्तातली. ती कमांड मी आधीच कागदावर लिहून आणली होती. तीन मिनिटांत दोन्ही पोर्ट हिरवे. ते पान वाचलं नसतं तर मी मध्यरात्री वायरी उपसत बसले असते. बग दुरुस्तीचं अपडेट टाकताना लोक दुरुस्तीची यादी वाचतात, बदललेल्या वागणुकीचं पान वाचत नाहीत. मीही पूर्वी वाचत नव्हते.

बदल मात्र मला आवडला नाही. बग दुरुस्त करायला आलेल्या आवृत्तीत असला निर्णय घुसवायला नको होता.

पहिला स्विचही त्याच रात्री केला, कारण जोडीत दोन वेगळ्या आवृत्त्या अपडेटच्या वेळेपुरत्याच चालतात, तशा ठेवून देऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पाऊण वाजता कुलूप लावलं. पण दोघांची तारीख पुन्हा एकच झाली, ते मनात राहिलं. म्हणून ९ मार्चच्या शनिवारी दुसरा स्विच मुद्दाम एकदा रीस्टार्ट केला. आता दोघांत चार आठवड्यांचं अंतर आहे, आणि पुढेही ठेवणार.

२८ मार्च आला आणि गेला. मार्च एंडला रात्री दहापर्यंत काम चाललं, खोलीत काही झालं नाही.

मे महिन्यात एका दुपारी तीनच्या सुमारास एसी ट्रिप झाला. मला मेसेज आला, एका मॉड्यूलचं तापमान ६१. मी जेवत होते, तशीच उठून गेले, दार उघडून उभा पंखा रॅकच्या मागे लावला आणि एसीवाल्याला बोलावलं. ६४ पर्यंत जाऊन खाली आलं. पाच मिनिटांची विचारणी चालू होती म्हणून हे कळलं, आणि ती निर्धास्त चालू ठेवता आली ती अपडेटमुळे.

२६ जून २०२४ ला पहिल्या स्विचला १३७ दिवस झाले. सकाळी नऊला रजिस्टरात आकडा लिहिला : १,०९३. अपडेटनंतरच्या सकाळी तो १,०९६ होता. मधल्या पानांवर दोन-चार एमबी वर, दोन-चार खाली, तेवढंच. काका मागे उभे होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "बुजलं म्हणजे."

ज्यांच्याकडे असे स्विच आहेत, मग ती जिनिंग असो, कॉलेज असो की पतसंस्था, आणि कॉन्ट्रॅक्ट नाही, त्यांनी एवढं करून पाहावं. मोकळी मेमरी रोज एकाच वेळी आठ-दहा दिवस लिहा, सुटीचे दिवस धरून. आकडा वरखाली होत असेल तर ठीक आहे. रोज सारखाच उतरत असेल, तर उरलेल्या मेमरीला रोजच्या उताराने भागा. जे येईल तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत. मग मॉनिटरिंगमधली एकेक विचारणी दोन-दोन दिवस बंद ठेवून बघा, कोणत्या दिवशी उतार थांबतो ते.